नदी एक, दप्तरे चार
सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना तळेऱ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्गनगरी, ओरोस.

विषय: नाधवडे–नापणे–शेर्पे–खारेपाटण या पाण्याचा उगमापासून खाडीपर्यंत एकच नकाशा करून त्याच्या आधारे पुढील कामे मंजूर करण्याबाबत.

सन्माननीय महोदय / महोदया,

मागणी आधी सांगतो, तपशील मागाहून. नाधवड्याच्या महादेव मंदिरापाशी जमिनीतून उमळून येणारे पाणी नापण्याच्या धबधब्यावरून कोसळते, शेर्प्याच्या बाजूने खारेपाटणकडे जाते आणि शेवटी विजयदुर्गच्या खाडीत उतरते. या पाण्याचा, आणि ज्या शुक नदीच्या खोऱ्यात ते मोडते त्या सगळ्या खोऱ्याचा, उगमापासून भरतीच्या पाण्यापर्यंतचा एकच नकाशा जिल्हा प्रशासनाने करावा. तो गावांपुढे ठेवावा. आणि यापुढे या पाण्यावर बंधारा, साकव, पूल, गाळउपसा किंवा पर्यटनाचे काम मंजूर करायचे झाले, तर तो नकाशा समोर ठेवूनच करावे. मागणी एवढीच आहे. तिला मोठा निधी लागत नाही. चार ठिकाणची दप्तरे एका टेबलावर आणावी लागतात, आणि ती आणण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त आपल्याकडे आहे.

हे पत्र तळेऱ्याहून लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. तळेरे हे तिठ्याचे गाव. मुंबई–गोवा महामार्ग गावातून जातो. पूर्वेकडचा रस्ता नाधवडे, कोकिसरे, वैभववाडी करीत करूळ घाटाने गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला चढतो. पश्चिमेकडचा विजयदुर्गला उतरतो. उत्तरेला थोडे गेले की खारेपाटण. म्हणजे ज्या पाण्याविषयी मी लिहितो आहे त्याचा माथा, मधला भाग आणि मुख या तिन्ही ठिकाणची माणसे बाजाराला, शाळेला, दवाखान्याला आमच्या तिठ्यावरून जातात. मे महिन्यात पूर्वेकडून येणारा सांगतो की विहिरीने तळ गाठला. जुलैत उत्तरेकडून येणारा सांगतो की बाजारपेठेत पाणी भरले. बाराही महिने पश्चिमेकडून येणारा सांगतो की खाडी गाळाने भरत चालली. तिघेही एकाच पाण्याविषयी बोलत असतात, पण तिघांचे अर्ज वेगवेगळ्या कचेऱ्यांत जातात.

पाण्याची वाट कशी आहे ते सांगतो. आपल्या कार्यालयात अधिकारी बदलून येतात, आणि घाटमाथ्याकडून किंवा देशावरून आलेल्या माणसाला कोकणातली नदी पटकन कळत नाही. गगनबावड्याला सह्याद्रीच्या धारेवर उभे राहिले की पावसाच्या पाण्याची वाटणी डोळ्यांनी दिसते. पूर्वेला पडलेले पाणी कुंभी नदीने पंचगंगेत, तिथून कृष्णेत जाते आणि हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेला, आमच्या बाजूला, पडलेले पाणी दोन हजार फुटांवरून खाली येते आणि साठ-सत्तर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठते. त्यातला बहुतेक उतार तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच संपतो. कड्यावरून पाणी सुटते आणि लगेच सखल भागात येऊन पडते. मधे थांबायला त्याला वेळ नाही आणि जागाही नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथली नदी चार महिने अंगावर येते आणि त्यानंतर पाहता पाहता आटते. तिच्या बाबतीत जे करायचे ते या दोन्ही रूपांचा विचार करून करावे लागते.

करूळ आणि भुईबावडा या घाटांच्या पायथ्याशी असे असंख्य प्रवाह एकत्र येतात. आधी पऱ्ये, मग व्हाळ, मग नदी. वैभववाडी तालुक्यातून वाहत येणारी शुक नदी (काहीजण तिला सुखनदी म्हणतात) ही त्यातली मोठी. ती खारेपाटणला येते, आणि तिथेच तिला खाडीचे पाणी भेटते. पुढे तीच वाघोटण नदी, तीच विजयदुर्गची खाडी. खारेपाटणपासून विजयदुर्गच्या किल्ल्यापर्यंत तीस किलोमीटरहून जास्त लांब हे पाणी वळणे घेत जाते. एका काठाला देवगड तालुका, दुसऱ्या काठाला राजापूर. म्हणजे खाडीच्या मधोमध जिल्ह्याची हद्द आहे.

नाधवड्याचे पाणी मात्र या सगळ्यांत वेगळे. ते घाटमाथ्यावरून येत नाही, जमिनीखालून येते. महादेवाच्या देवळाजवळ वाळूतून बुडबुडे घेत पाणी वर येते. लोक त्याला उमाळा म्हणतात. कोकणात जांभ्याचा दगड पावसाचे पाणी शोषतो, खालच्या चिकण मातीच्या थराने ते अडते आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे झऱ्यातून बाहेर पडते. आमच्या बहुतेक गावांच्या देवळांपाशी आणि देवरायांत झरे असतात ते यामुळेच. जिथे पाणी होते तिथे देव बसवला, आणि देव होता म्हणून झाडे राहिली. नाधवड्याचा उमाळा त्यातला मोठा. त्याच्यामुळे खालचा प्रवाह बारमाही वाहतो आणि नापण्याचा धबधबा उन्हाळ्यातही कोरडा पडत नाही. सिंधुदुर्गात पावसाळी धबधबे शेकड्यांनी असतील, पण एप्रिलमध्ये कोसळणारे मोजकेच, आणि त्यात नापण्याचे नाव आधी येते.

एक साधी गोष्ट लक्षात आणून देतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत पाणी असलेले पात्र निळ्या रंगात आणि कोरडे पात्र काळ्या रंगात दाखवण्याची रीत आहे. आमच्या भागातल्या अनेक व्हाळांची रेघ काळी आहे. नापण्याची रेघ निळी ठेवणारे पाणी एका देवळाजवळच्या वाळूतून येते. त्या देवळाच्या वरच्या डोंगरावर काय होते, किती झाडे तुटतात, किती जांभा काढला जातो, किती बोअरवेल खणल्या जातात, याची नोंद मात्र धबधब्याशी कोणी जोडत नाही. उमाळा महसुलाच्या कागदात देवस्थानची जमीन असतो, धबधबा पर्यटनात येतो आणि खालची विहीर नळपाणी योजनेत.

या पाण्याला इतिहास आहे, आणि तोही थोडक्यात सांगतो, कारण आपल्या दप्तरात ही नदी फक्त पूरपरिस्थिती या मथळ्याखाली येते. शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ मध्ये दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराज याने दिलेले ताम्रपट खारेपाटणला सापडले. त्यात देवस्थानाला दिलेल्या उत्पन्नात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण (सोन्याचे नाणे) असा उल्लेख आहे. हजार वर्षांपूर्वी या पाण्यावर परदेशी जहाजांची जकात गोळा होत होती. त्या ताम्रपटांचे पहिले वाचन एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ते करणारे होते बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’कार, आमच्याच शेजारच्या पोंभुर्ल्याचे. विजयदुर्गच्या बंदराविषयी १८८०च्या गॅझेटियरने लिहिले आहे की पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत ते मोडते आणि त्याच्या तोंडाला वाळूचा दांडा नाही. आंग्र्यांच्या आरमाराने हीच खाडी निवडली, जवळच खडक फोडून गोदी बांधली, ती उगाच नव्हे. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर उतरायचा आणि या खाडीतून गलबतात चढायचा. आज खारेपाटणला गलबत सोडा, ओहोटीला होडीदेखील जपून न्यावी लागते. खाडी कोणी चोरली नाही. वरच्या डोंगरातली माती दर पावसाळ्यात खाली येऊन बसली. म्हणून खाडीच्या गाळाचे उत्तर खाडीत सापडत नाही, ते करूळ-भुईबावड्याच्या उतारावर सापडते.

आता दप्तरांकडे येतो. नाधवडे आणि नापणे वैभववाडी तालुक्यात. शेर्पे आणि खारेपाटण कणकवली तालुक्यात. खाडीचा दक्षिण काठ देवगड तालुक्यात आणि उत्तर काठ रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात. चार तालुके, दोन जिल्हे. या एवढ्या पाण्यावर मग कोण कोण काम करते? बंधारे जलसंधारण खात्याचे आणि जिल्हा परिषदेचे. साकव आणि ग्रामीण पूल बांधकाम खात्याचे. महामार्गाचे पूल आणि मोऱ्या महामार्गवाल्यांच्या. रेल्वेचे पूल कोकण रेल्वेचे. नळपाणी योजना पाणीपुरवठा विभागाकडे, धबधबा पर्यटनाकडे, खाडी बंदर आणि मत्स्य खात्याकडे, कांदळवन वनखात्याकडे. पूर आला की मात्र सगळे आपल्याकडे, कारण २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात. नदीकडे एकत्र पाहायची वेळ प्रशासनावर पूर आल्यावरच येते. माझे म्हणणे एवढेच, की तसे पाहणे पुराच्या आधीही व्हावे.

खारेपाटणच्या पुराचे कारण गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. घाटमाथ्यावर एकसारखा पाऊस लागला की काही तासांत शुक नदी फुगते. त्याच वेळी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती असली तर खाडी पाणी घेत नाही, उलट वर ढकलते. दोन्ही पाण्यांच्या मधे खारेपाटणची बाजारपेठ सापडते. दुकानदार माळ्यावर माल चढवतात, महामार्गाकडचे लोक पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आले ते बघतात, आणि वृत्तपत्रांत तेच छायाचित्र पुन्हा छापले जाते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले त्या वेळी आमच्याकडेही हेच झाले. पण चिपळूण शहर मोठे, म्हणून राज्याचे लक्ष तिकडे गेले. खारेपाटण लहान, म्हणून मदत वाटून झाली आणि फाईल पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिटली.

चिपळूणच्या लोकांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पुरानंतर ते आंदोलनाला बसले आणि वाशिष्ठी-शिवनदीतला गाळ काढायला शासनाला भाग पाडले. जलसंपदा खात्याबरोबर ‘नाम फाउंडेशन’सारख्या संस्थाही त्या कामात उतरल्या. गाळ काढल्याने थोडा फरक पडला. पण गाळ पुन्हा येतो हेही तिथे समजले, आणि मग वरच्या डोंगराचा, धरणाच्या विसर्गाचा, भरतीच्या वेळेचा विचार एकत्र करावा लागला. ते शहाणपण आम्हाला पुराची किंमत न देता मिळते आहे. ते घ्यावे.

पुराच्या आड झाकली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळा. पावसाळा सरला की जिल्हा परिषद गावागावांत वनराई आणि कच्चे बंधारे बांधून घेते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, व्हाळाला आडव्या रचायच्या, श्रमदान करायचे. काम चांगले आहे. विहिरीचे पाणी टिकते, वायंगणी भाताला आणि माड-पोफळीला पाणी मिळते. पण बंधारा कोठे घालायचा हे बहुतेक वेळा लोक किती जमतील आणि उद्दिष्ट किती आहे यावर ठरते. एका गावाचा बंधारा खालच्या गावाच्या विहिरीला मदत करतो की तिचे पाणी तोडतो, हे कोणी एकमेकांना विचारत नाही. कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे त्याहून वेगळे. त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढले नाहीत तर पुराचे पाणी अडते, आणि पावसानंतर वेळेवर घातले नाहीत तर बंधारा असून नसल्यासारखा. ते काढायची आणि घालायची तारीख वरच्या-खालच्या गावांनी मिळून ठरवायला हवी. आज ती ठेकेदाराच्या सवडीने ठरते.

मासळीचेही असेच. पहिला मोठा पाऊस लागला की खालचे मासे अंडी घालायला व्हाळाने वर चढतात. चढणीचे मासे म्हणून आमच्याकडे त्याचा उत्सवच असतो. पण काँक्रीटचा उंच बंधारा आडवा आला की मासा तिथेच थांबतो, आणि त्याच्याखाली जाळे लावून बसणाऱ्याला सगळी वीण सापडते. बंधाऱ्याच्या बाजूला माशांना चढायला पायरीची वाट ठेवणे हे फार खर्चाचे काम नव्हे. ते आराखड्यात असावे लागते, आणि आराखडा काढणाऱ्याला मासा चढतो हे माहीत असावे लागते. व्हाळातला मासा मत्स्य खात्याच्या विषयात बसत नाही आणि जलसंधारणाच्याही नाही.

नापण्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे, कारण या पाण्याचा तेवढाच भाग सध्या सगळ्यांना दिसतो. जुलै २०२५ मध्ये तिथे काचेचा पूल सुरू झाला. धबधब्यावरचा राज्यातला तसला पहिला पूल म्हणून त्याची बातमी सगळीकडे झाली. पर्यटन वाढले, नाधवडे-नापण्याच्या चार घरांना रोजगार मिळाला, तर त्यात वाईट काही नाही. त्या काचेवरून खाली पाहणाऱ्याला पाणी दिसते, पण ते कोठून येते हे दिसत नाही. म्हणून विचारतो: तिथे जमणारा पैसा, प्रवेशमूल्य असो वा पार्किंगचा, त्यातला काही भाग उमाळ्याच्या वरच्या डोंगरासाठी राखून ठेवता येणार नाही का? गाड्या लावायला जागा सपाट करण्याआधी ती जागा व्हाळाच्या वाटेत येते का, हे तपासता येणार नाही का? धबधब्याखाली लोकांनी टाकलेल्या बाटल्या आणि प्लॅस्टिक ग्लास दोन दिवसांत शेर्प्याला आणि चार दिवसांत खाडीच्या कांदळवनात पोहोचतात. धबधबा बघायला लोक एका तालुक्यात येतात, कचरा उचलायला दुसऱ्या तालुक्याचे लागतात.

आधी नकाशा का हवा, याचे उदाहरण जवळच आहे. याच वैभववाडी तालुक्यात हेत येथे अरुणा मध्यम प्रकल्प झाला. धरणाचे पाणी खालच्या शेतीला हवेच होते. पण आखवणे-भोमची घरेदारे त्या पाण्याखाली गेली आणि पुनर्वसनाच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षे चालल्या. पाणी कोठवर चढणार, कोणाचे काय जाणार, कोणाला काय मिळणार, हे आधी सगळ्यांसमोर एका नकाशावर ठेवले नाही की पुढची भांडणे अटळ असतात. मोठ्या धरणाला जे लागू ते छोट्या व्हाळालाही लागू. उद्या वैभववाडी–कोल्हापूर रेल्वेमार्ग कागदावरून जमिनीवर आला, तर तो याच खोऱ्यांवर भराव घालत जाईल. त्या वेळी आपल्याकडे नदीचा नकाशा नसला, तर मोऱ्यांची रुंदी कोण ठरवणार?

यावर कोणी म्हणेल, हे सगळे धोरणात आधीच आहे. खरेच आहे. राज्याच्या २००३च्या जलनीतीने नियोजनाचे एकक नदीखोरे मानले. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने सगळ्या राज्याचे दीड हजारांहून जास्त पाणलोट पाडले आहेत, आणि पश्चिमवाहिनी नद्यांच्या पाणलोटांना ‘डब्ल्यूएफ’ या अक्षरांचे संकेतांक दिले आहेत. २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ ही मोहीम सुरू झाली आणि तिच्या जिल्हा समित्यांची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडेच दिली गेली. म्हणजे धोरण आहे, संकेतांक आहे, समिती आहे. उणीव आहे ती त्या संकेतांकाची गावाच्या भाषेत उतरलेली प्रत कोणत्याही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नसल्याची. खारेपाटणच्या सरपंचांना नाधवड्याच्या डोंगरात काय चालले आहे ते कळायची सोय नाही, आणि नाधवड्याच्या ग्रामसभेला आपल्या निर्णयाने खारेपाटणात किती पाणी चढेल याची जबाबदारी नाही.

दुसरे कोणी म्हणेल, गावे अशी एकत्र बसत नाहीत, सगळे राजकारण आहे. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नावाची एक छोटी नदी आहे. ती कोरडी पडली होती. लोकांनी वरच्या डोंगरात जोहड (मातीचे तलाव) आणि बंधारे घालून ती पुन्हा वाहती केली, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्या नदीकाठच्या सत्तरेक गावांनी आपली नदीची संसद भरवली. पाणी कोणी किती घ्यायचे, कोणते पीक घ्यायचे नाही, मासेमारी कधी बंद, असे नियम त्यांनी स्वतः ठरवले. तिथे जेमतेम पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या कितीतरी पट पडतो आणि वैभववाडी, कणकवली, देवगड हे तिन्ही तालुके तर एकाच विधानसभा मतदारसंघात आहेत. राजकारण जरूर असेल. पण या बाबतीत ते अडसर होण्यापेक्षा सोयीचे व्हायला हवे.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती.

१. नाधवड्याचा उमाळा, नापणे, शेर्पे, शुक नदीचे दोन्ही घाटांखालचे खोरे आणि खारेपाटण ते विजयदुर्ग खाडी यांचा एकत्रित नकाशा तयार करावा. त्यात व्हाळ, पऱ्ये, कोंडी, झरे, देवराया, बंधारे, साकव, मोऱ्या, नळपाणी योजनांच्या विहिरी आणि पूररेषा असाव्यात. गावातल्या जुन्या माणसांना आणि गुराख्यांना बरोबर घेऊन तो करावा. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे उपग्रहाला दिसत नाही.

२. नकाशाची मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेली प्रत या खोऱ्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, शाळेत आणि तलाठी कार्यालयात लावावी.

३. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, वरच्या आणि खालच्या गावांची संयुक्त सभा घ्यावी. बर्गे काढण्याच्या आणि घालण्याच्या तारखा तिथेच ठराव्यात. रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून राजापूरच्या काठालाही त्यात घ्यावे.

४. महामार्गाच्या नव्या भरावांखालच्या मोऱ्यांना पाणी जायला पुरेशी वाट आहे का, याची पाहणी पावसाळ्यातल्या जोराच्या पावसात करावी. उन्हाळ्यात मोरीत उभे राहून ते कळत नाही.

५. घाटमाथ्यावर पाऊस वाढला की गगनबावडा आणि वैभववाडीकडची खबर भरतीच्या वेळापत्रकासह खारेपाटणच्या बाजारपेठेत लगेच पोहोचावी. दुकानदाराला माल माळ्यावर चढवायला दोन तास मिळाले तर निम्मे नुकसान टळते.

६. नापणे धबधब्याच्या उत्पन्नातला ठरावीक भाग उमाळ्याच्या वरच्या डोंगरावर झाडे राखण्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी वापरावा, आणि त्याचा हिशेब नाधवडे-नापण्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.

यातले एकही काम नवा कायदा मागत नाही. पहिल्या मागणीसाठी लागणारी बरीच माहिती आपल्याच निरनिराळ्या खात्यांत पडून आहे. उरलेली आम्ही गोळा करून देऊ. तळेऱ्यात, नाधवड्यात, शेर्प्यात निवृत्त शिक्षक आहेत, सर्वेक्षण शिकलेली मुले आहेत, महाविद्यालयातले भूगोलाचे विद्यार्थी आहेत. त्यांना कोणी बोलावले नाही, एवढेच.

आपल्याआधीचे अधिकारी वाईट होते असे मला म्हणायचे नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. तेव्हापासून अनेक चांगल्या माणसांनी इथे काम केले. पण जिल्हा करताना हद्द खाडीच्या मधोमध आखली, तालुके करताना ती व्हाळांवरून ओढली, आणि मग प्रत्येकाने आपापल्या हद्दीतले पाणी सांभाळले. हद्दी बदलाव्यात असे मी म्हणत नाही. त्या हद्दींवर एकदा निळ्या शाईने नदी काढावी आणि तिच्याप्रमाणे काम वाटून द्यावे, एवढेच मागतो.

पुढचा पाऊस जूनमध्ये येईल. त्याआधी मे महिन्यात एक बैठक घ्या. जागा तळेऱ्याची ठेवा, कारण तिन्ही रस्ते इथेच येतात आणि कोणाला लांब पडणार नाही. तिन्ही तालुक्यांचे तहसीलदार, राजापूरचे प्रतिनिधी, बांधकाम, जलसंधारण, पाणीपुरवठा आणि वन या खात्यांचे अधिकारी आणि काठावरच्या गावांचे सरपंच यांना बोलवा. भिंतीवर एक कोरा कागद लावा. नाधवड्याचा माणूस उगमापासून सुरुवात करील आणि विजयदुर्गचा खलाशी शेवट सांगेल. तो कागद भरल्याशिवाय या पाण्यावर पुढचे काम मंजूर करू नका, ही आमची आपल्याला विनंती आहे.

आपला,
तळेरे येथील एक रहिवासी